भौतिकशास्त्र शिकायचंय? आधी अंदाज लिहा, मग पान उलटा

एक चेंडू सरळ वर फेकला. तो वर गेला, सर्वांत उंच जागी पोहोचला आणि क्षणभर थांबला. त्या क्षणी त्याचा वेग शून्य आहे. त्याचं त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती?

पुढची ओळ वाचण्याआधी उत्तर कागदावर लिहा. मनात नको, कागदावरच.

हवेचा रोध सोडून दिला तर उत्तर आहे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. वर जाताना होतं तितकंच, खाली येताना असेल तितकंच. हा प्रश्न पहिल्यांदा ऐकणारे बरेच जण ‘शून्य’ लिहितात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जरा पुढे विचार करा. वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असतं, तर वेग बदलायला काही कारणच उरलं नसतं आणि चेंडू तिथेच अधांतरी राहिला असता. तो खाली येतो, म्हणजे त्या क्षणीही त्याचा वेग बदलतच असतो.

ज्याने शून्य लिहिलं होतं, त्याच्या डोक्यात वेग आणि त्वरण आता वेगळे झाले. ते पुन्हा सहजासहजी एकमेकांत मिसळायचे नाहीत. ज्याने काहीच न लिहिता पुढे वाचलं, त्यालाही उत्तर पटलं असेल, पण आपलं आधीचं मत काय होतं हे त्याला कधी कळणारच नाही. मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांबरोबर आणि नोकरी सांभाळून हौसेने भौतिकशास्त्र वाचणाऱ्यांबरोबर बसतो आहे. टिकून शिकणारे आणि मध्येच सोडून देणारे यांच्यात मला बुद्धीचा फरक फारसा दिसला नाही. दिसला तो या एका सवयीचा. खाली जे सांगतो आहे ते जवळपास सगळं या सवयीतूनच आलेलं आहे.

सुरुवात कुठून करायची

कृष्णविवरं, क्वांटम, महास्फोट यांच्या ओढीनेच बहुतेक जण या विषयाकडे येतात. ती ओढ जपा, पण पहिले काही महिने मेकॅनिक्सला द्या, म्हणजे यामिकीला. चेंडू, दोरी, उतार, झोका या गोष्टी आपण लहानपणापासून बघत आलो आहोत, त्यामुळे त्यांच्याबद्दल आपल्या मनात आधीच काहीतरी मत असतं. ते मत बऱ्याचदा चुकीचं असतं आणि घरबसल्या तपासता येतं. क्वांटमबद्दल आपल्याला कसलाच अनुभव नसतो, त्यामुळे अंदाज बांधायला जागाच नसते. उरतं ते नुसतं ऐकून घेणं.

क्रम साधारण असा ठेवा: गतीचं वर्णन आणि आलेख, न्यूटनचे नियम, ऊर्जा, संवेग, मग फिरणाऱ्या वस्तू, आंदोलनं आणि लाटा. त्यानंतर विद्युत-चुंबकत्व आणि उष्णता यांपैकी काहीही आधी घेतलं तरी चालतं. विशेष सापेक्षतेला लोक उगाच घाबरतात. १९०५ साली आइन्स्टाइनने मांडलेल्या या सिद्धांताचा गाभा समजायला बीजगणित आणि पायथागोरसचं प्रमेय एवढं पुरतं, तो वर्षभरात घेता येईल. क्वांटमसाठी मात्र लाटा आणि संमिश्र संख्या हाताखालून गेलेल्या हव्यात, आणि १९१५ची व्यापक सापेक्षता त्याहून बरीच पुढे.

‘आधी सगळं गणित पक्कं करतो, मग भौतिकशास्त्राकडे वळतो’ असं ठरवणारे सहसा वळत नाहीत. समीकरण सोडवणं, साइन-कोसाइन आणि सदिशांची बेरीज एवढ्यावर सुरुवात होते. कॅल्क्युलस वाटेत शिका. अंतर-काळाच्या आलेखाचा उतार म्हणजे वेग आणि वेग-काळाच्या आलेखाचा उतार म्हणजे त्वरण, हे हाताने आलेख काढून एकदा बघितलं की विकलनाची अर्धी भीती तिथेच जाते.

पुस्तक एकच घ्या. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचं, भरपूर उदाहरणं असलेलं, मागे उत्तरं दिलेलं. शाळकरी विद्यार्थी असाल तर तुमचं पाठ्यपुस्तकच घ्या. पाच पुस्तकांची पहिली प्रकरणं वाचण्यापेक्षा एका पुस्तकाची पाच प्रकरणं सोडवलेली केव्हाही बरी.

शब्दांची वही

ही पायरी कुणी सांगत नाही, आणि मराठीत विचार करणाऱ्यांना तीच सगळ्यात जास्त नडते. रोजच्या बोलण्यात जोर, ताकद, शक्ती, ऊर्जा, बल हे सगळे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ‘बॅटरीत शक्ती उरली नाही’ असं म्हणतो तेव्हा खरं तर ऊर्जा संपलेली असते. ‘पूर्ण शक्तीने ढकललं’ म्हणतो तेव्हा बोलतो बलाबद्दल. भौतिकशास्त्रात शक्ती म्हणजे ऊर्जा किती झपाट्याने वापरली जाते तो दर, तो वॅटमध्ये मोजतात. बल न्यूटनमध्ये, ऊर्जा ज्यूलमध्ये. तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ करून विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर कुणी देऊच शकत नाही.

‘माझं वजन साठ किलो’ हेही तसंच. साठ किलो हे वस्तुमान आहे, चंद्रावर गेलात तरी साठच राहील. वजन म्हणजे पृथ्वी तुम्हाला ज्या बलाने ओढते ते, साधारण ५८८ न्यूटन, आणि चंद्रावर ते सहाव्या भागाइतकं होईल. चाल आणि वेग यांत दिशेचा फरक. गोल वाटेवर एकाच चालीने धावणाऱ्याचा वेग क्षणोक्षणी बदलत असतो, म्हणून त्याला त्वरण असतं. जड ओझं हातात धरून तासभर एका जागी उभं राहिलात तर घाम फुटेल, पण ओझ्यावर तुम्ही केलेलं कार्य शून्य, कारण ते हललंच नाही. स्नायूंनी आतल्या आत ऊर्जा खर्च केली, तो वेगळा हिशेब.

एक छोटी वही करा. डावीकडे शब्द, मध्ये त्याचा भौतिकशास्त्रातला अर्थ आणि एकक, उजवीकडे तो आपण एरवी कसा वापरतो ते. वर्गात किंवा पुस्तकात तो इंग्रजी नावाने येत असेल तर तेही देवनागरीत लिहा: संवेग म्हणजे मोमेंटम, आवेग म्हणजे इम्पल्स, जडत्व म्हणजे इनर्शिया. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पुढे विषय अवघड जातो असं वाटतं, पण पुष्कळदा अवघड गेलेलं असतं ते फक्त नाव.

वाचायचं कसं

पान वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर तेच डेरिव्हेशन स्वतः करा. अडलात की जिथे अडलात तिथे खूण करा आणि मगच पुस्तक उघडा. ती खूण म्हणजे तुमचा त्या दिवसाचा अभ्यास, बाकीचं तुम्हाला येतच होतं.

व्हिडिओ बघत असाल तर उत्तर येण्याआधी थांबवा. समजा निवेदक विचारतो, गाडीचा वेग दुप्पट झाला तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर किती पट होईल? थांबवा आणि लिहा. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते आणि ब्रेकचं बल तेवढंच राहिलं तर ती सगळी ऊर्जा संपवायला चौपट अंतर लागतं. दुप्पट लिहिलं असेल तर वर्गाचा तो नियम आता जन्मभर लक्षात राहील. व्हिडिओ न थांबवता बघण्यात एक गोड फसगत आहे. सांगणाऱ्याचा विचार इतका सरळ पुढे जातो की तो आपलाच विचार आहे असं वाटू लागतं. चॅटबॉटला विचारून मिळालेल्या उत्तराचंही तसंच होतं, शिवाय तिथे चुकीचं उत्तरही तितक्याच सफाईने लिहून येतं. वापरा जरूर, पण आपलं उत्तर वहीत उतरल्यावर.

न्यूमेरिकल सोडवताना

आकडे दिसले की सूत्र शोधून त्यात भरायचे, ही सवय परीक्षेपुरती कधीकधी पुरते. ती मोडायची असेल तर क्रम बदला. आधी चित्र काढा. ज्या वस्तूबद्दल प्रश्न आहे तिला एकटीला वेगळी काढून तिच्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवा, म्हणजेच फ्री बॉडी डायग्राम. प्रत्येक बाणाला विचारा, हे बल कोण लावतं आहे? उत्तर देता आलं नाही तर तो बाण खोडा. उताराच्या दिशेने ‘पुढे जाण्याचं बल’ म्हणून उगाच काढलेले बाण या एका प्रश्नाने गळून पडतात. मग उत्तर साधारण किती येईल ते लिहा, आणि शेवटपर्यंत अक्षरांतच सोडवा. आकडे अगदी शेवटी.

अक्षरांत का, ते एका उदाहरणावर बघू. घर्षण असलेल्या उतारावरून एक ठोकळा खाली घसरतो आहे. गुरुत्व त्वरणाला ‘गु’, उताराच्या कोनाला ‘क’ आणि घर्षणांकाला ‘घ’ म्हटलं, तर

त्वरण = गु × (साइन क − घ × कोसाइन क)

हे सूत्र मिळालं म्हणजे काम संपलं असं नाही. आता त्याची उलटतपासणी घ्या. ठोकळ्याचं वस्तुमान यात कुठेच नाही, म्हणजे जड ठोकळा आणि हलका ठोकळा सारखेच घसरतील. तुमचा अंदाज काय होता? आता उतार सरळ उभा करा, क = ९० अंश. कोसाइन शून्य होतो, त्वरण उरतं नुसतं गु. ठोकळा मोकळा पडतो आहे, भिंतीला टेकतही नाही, घर्षण कुठून येणार? बरोबर जुळलं.

आता उलट टोकाला जा. क = ० ठेवा, म्हणजे सपाट जमीन. सूत्र म्हणतं, त्वरण = −घ × गु. वजा! सपाट जमिनीवर शांत पडलेला ठोकळा आपोआप मागे पळू लागेल? इथे बरेच जण सूत्र चुकलं म्हणून खोडतात. सूत्र बरोबर आहे. ते लिहिताना आपण गृहीत धरलं होतं की ठोकळा घसरतो आहे. सपाट जमिनीवर घसरत जाणारा ठोकळा खरोखरच घ × गु इतक्या त्वरणाने मंदावतो. स्थिर ठोकळ्याला ते लागूच नाही, कारण स्थिर असताना घर्षण लागेल तेवढंच लागतं, जास्त नाही. आकडे आधीच भरले असते तर यातलं काहीही दिसलं नसतं. सूत्र कुठे चालतं आणि कुठे चालत नाही हे ज्याला सांगता येतं, त्याला ते सूत्र येतं.

याच मांडणीतून एक प्रयोगही निघतो. गुळगुळीत फळीवर नाणं ठेवा आणि फळीचं एक टोक सावकाश उचला. नाणं ज्या कोनाला सुटेल त्या कोनाचा टॅन म्हणजे स्थिर घर्षणाचा गुणांक. २७ अंशांना सुटलं तर ०.५१. उचलण्याआधी कोन लिहून ठेवायला विसरू नका.

एककं प्रत्येक पायरीला लिहा. आळस म्हणून ती गाळली जातात, पण चूक पकडणारं त्यांच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही. वेग काढायला बसलात आणि शेवटी मीटर वर्ग उरले, तर उत्तर तपासायचीही गरज नाही, ते चुकलेलंच आहे. ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान १९९९च्या सप्टेंबरमध्ये मंगळाजवळ पोहोचताना गमावलं, कारण एका संगणकप्रणालीने रेट्याचे आकडे पौंड-सेकंदांत दिले आणि दुसरीने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. पौंड-बलाचे साधारण ४.४५ न्यूटन होतात. तेवढ्या पटीने हिशेब चुकत गेला.

एक तरी गोष्ट स्वतः मोजा

दोरा, एक जड नट आणि घड्याळ. लंबकाइतका प्रामाणिक शिक्षक मला दुसरा माहीत नाही.

दोरा अशा ठिकाणी बांधा की टांगलेली जागा हलणार नाही. टांगलेल्या जागेपासून नटच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर लांबी ठेवा. नटच्या मध्यापर्यंत म्हणतो आहे, गाठीपर्यंत नाही. गाठ मध्याच्या दोन सेंटिमीटर वर असेल आणि तुम्ही गाठीपर्यंतच मोजलं, तर शेवटचं उत्तर दोन टक्क्यांनी कमी येईल आणि कारण सापडणार नाही.

आता दोन अंदाज लिहा. नट दुप्पट जड घेतला तर एका आंदोलनाला जास्त वेळ लागेल, कमी, की तेवढाच? दोरा चौपट लांब केला तर?

लंबक थोडासा बाजूला घेऊन सोडा, धक्का न देता. जाऊन परत आला की एक आंदोलन. अशी २० आंदोलनं मोजा आणि एकूण वेळ घ्या. एकच आंदोलन का मोजायचं नाही? बटण दाबायला हाताचा साधारण ०.२ सेकंद इकडेतिकडे होतो. दोन सेकंदांच्या एका आंदोलनात ही चूक दहा टक्के झाली. वीस आंदोलनांच्या चाळीस सेकंदांत तीच चूक अर्धा टक्का. हात तोच, घड्याळ तेच, मोजण्याची रीत बदलली एवढंच.

समजा ४०.१ सेकंद लागले. दोलनकाल, म्हणजे एका आंदोलनाचा वेळ, २.००५ सेकंद. छोट्या आंदोलनांसाठी दोलनकाल म्हणजे २ × पाय (π, साधारण ३.१४) × (लांबी भागिले गुरुत्व त्वरण) याचं वर्गमूळ. उलटं सोडवलं तर गुरुत्व त्वरण = ४ × पाय वर्ग × लांबी ÷ दोलनकालाचा वर्ग. आकडे भरा: ३९.४८ ÷ ४.०२ = ९.८२. एक दोरा आणि एक नट घेऊन तुम्ही पृथ्वीचं गुरुत्व त्वरण मोजलंत. वस्तुमान सूत्रात नाही, म्हणून जड नटने फरक पडत नाही. लांबी वर्गमुळात आहे, म्हणून चौपट दोऱ्याने काळ दुप्पट होतो.

तुमचं उत्तर १०.९ च्या आसपास आलं तर मला ते इथे बसून सांगता येईल, काय झालं ते: नट सोडताना तुम्ही ‘एक’ म्हणालात. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं असतं. ‘एक’पासून सुरू केलं की ‘वीस’ म्हणेपर्यंत एकोणीसच आंदोलनं झालेली असतात, वेळ भरते ३८.१ सेकंद, आणि त्याला विसाने भागलं की १०.९ येतं. फार झोका दिला असेल तरी फरक पडतो. ३० अंशांपासून सोडलं तर दोलनकाल साधारण १.७ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांपासून सुमारे ७ टक्क्यांनी. म्हणून दहा अंशांच्या आत राहा. किंवा मुद्दाम ६० अंशांवरून करून बघा आणि तो ७ टक्के फरक स्वतः पकडा, मजा येईल.

उत्तराबरोबर ‘इतकी चूक असू शकते’ हेही लिहायला इथेच शिका. दोलनकालात अर्धा टक्का चूक असेल, तर तो वर्गात असल्यामुळे उत्तरात एक टक्का. म्हणजे ९.८ अधिक-उणे ०.१. त्या अधिक-उण्याशिवाय ९.८२ मधल्या शेवटच्या दोनाला काही अर्थ नाही.

प्रश्न कसा विचारावा

शिक्षकांना, वर्गातल्या मित्राला, अभ्यासगटात, कुठेही. अनोळखी माणसांना विचारताना तर जास्तच.

‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं का? कुणी समजावून सांगेल का?’ हा प्रश्न वाईट नाही, पण याला उत्तर देणाऱ्याला तुमच्या मनात काय आहे ते दिसत नाही. तो बिचारा पहिल्यापासून सगळं लिहितो किंवा काहीच लिहीत नाही. आता तोच प्रश्न असा वाचा:

‘आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं. तिथलं गुरुत्व त्वरण जवळपास शून्य असेल असं मला वाटलं होतं. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून मी व्यस्त वर्गाचा नियम लावला. ६३७१ ÷ ६७७१ चा वर्ग ०.८८५ आला, म्हणजे तिथे ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के. आकडेमोड दोनदा तपासली. मग अंतराळवीर तरंगतात कसे? माझा नियम चुकीचा लागला आहे, की तरंगणं म्हणजे गुरुत्व नसणं हे माझं समीकरणच चुकीचं आहे?’

काय वाटलं होतं, काय केलं, काय निघालं, कुठे जुळत नाही: चारही गोष्टी आल्या. अशा प्रश्नाला उत्तर द्यायला जाणकार माणूस आपणहून पुढे येतो, कारण त्याला नेमकी जागा दिसते. उत्तरही सुंदर आहे, म्हणून सांगतोच. अंतराळवीर आणि स्थानक दोघेही एकत्र पडत आहेत, सारख्याच त्वरणाने, म्हणून स्थानकाच्या फरशीचा पायाला रेटा लागत नाही. ते पडतात तर जमिनीवर का आदळत नाहीत? स्थानक सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर आडवं जातं. तेवढ्या एका सेकंदात ते ८.७ च्या निम्मे, म्हणजे सुमारे ४.३ मीटर खाली पडतं. आणि ७.७ किलोमीटर पुढे गेल्यावर पृथ्वीचा गोलावाही साधारण तेवढाच, ४.३ मीटर, खाली वळलेला असतो. जितकं पडतं तितकीच जमीन खाली सरकते. हे दोन आकडे मी पहिल्यांदा स्वतः काढले आणि ते एकमेकांशी जुळले, त्या संध्याकाळी मी बराच वेळ वहीकडे बघत बसलो होतो.

प्रश्न असा नीट लिहिता लिहिता अर्ध्या वेळेस उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं. तरीही लिहा आणि सापडलं ते इतरांना सांगा. गृहपाठाचा प्रश्न असेल तर तसं मोकळेपणाने सांगा आणि आपण कुठवर आलो ते दाखवा.

उत्तर देताना, वाद घालताना

दोन प्रकरणं पुढे गेलात की कुणीतरी तुम्हाला विचारू लागेल. पूर्ण उत्तर त्याच्या हातात ठेवू नका. ‘ठोकळ्यावर कोणकोणती बलं आहेत ते काढून दाखव’ एवढं म्हणा. समोरच्याचा अंदाज आपण खाऊन टाकायचा नाही, ही साधी गोष्ट मला शिकायला फार वेळ लागला. आणि ‘एवढं सोपं कसं कळत नाही’ हे वाक्य कधीच उच्चारू नका. ते ऐकून किती जण गप्प झाले, त्याचा हिशेब कुणाकडेच नाही.

मतभेद झाला तर आधी दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतो आहोत ना ते बघा. केंद्रोत्सारी बल ‘खरं’ की ‘खोटं’ यावर तासन्‌तास भांडणारे दोघेही बरोबर असतात: एक जमिनीवर उभा राहून बोलतो, दुसरा फिरत्या चक्रावर बसून. संदर्भ-चौकट कोणती, एवढं सांगितलं की भांडण मिटतं. ते मिटलं नाही तर विचारा: कोणता प्रयोग किंवा कोणता आकडा तुझं-माझं ठरवेल?

हे कसं करायचं याचा उत्तम नमुना २०११ च्या सप्टेंबरमध्ये जगाने पाहिला. ‘ऑपेरा’ प्रयोगातल्या शास्त्रज्ञांना जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघून इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेपर्यंत सुमारे ७३० किलोमीटर आलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचलेले दिसले. ‘आइन्स्टाइन चुकला’ असं ते म्हणाले नाहीत. आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा, असं म्हणून त्यांनी सगळी मोजमापं उघडी ठेवली. लगेच कुणीतरी १९८७ च्या अतिनवताऱ्याचा आकडा पुढे केला. तो तारा सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षं दूर होता आणि त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तासच आधी आले होते, तेही तारा फुटल्यावर प्रकाश बाहेर पडायलाच उशीर लागतो म्हणून. ऑपेराने मोजलेला वेग त्यांनाही लागू असता तर ते चार वर्षं आधी यायला हवे होते. पुढच्या वर्षी ऑप्टिकल फायबरची एक जोडणी नीट बसलेली नव्हती हे मुख्य कारण सापडलं, आणि ग्रान सासोतल्याच ‘इकारस’ या दुसऱ्या प्रयोगाच्या मोजणीत न्यूट्रिनो प्रकाशाच्याच वेगाने आलेले दिसले. या सगळ्यात कुणाची बाजू घ्यायची हा प्रश्नच आला नाही, कारण प्रत्येकाने आकडा पुढे ठेवला होता.

तुम्हालाही कधीतरी वाटेल की आपल्याला एक नवी कल्पना सुचली आहे, जुना सिद्धांत मोडणारी. सुचू द्या. पण ती मांडण्याआधी तिला तीन जुने आकडे विचारा. बुध ग्रहाच्या कक्षेचं शतकाला ४३ आर्कसेकंदांचं जास्तीचं सरकणं तिच्यातून निघतं का? जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात, तेवढेच निघतात का? आणि कमी वेगाला तिचं उत्तर न्यूटनच्या उत्तराशी जुळतं का? शब्दांत नको, आकड्यांत. हे जमवताना तुम्ही इतकं शिकाल की मूळ कल्पना टिकली नाही तरी वाईट वाटणार नाही.

रोज किती

विद्यार्थी नसाल तर पाऊण तास पुरे, आठवड्याचे पाच दिवस. त्यातली पंधरा मिनिटं वाचन, बाकी सगळा वेळ वही. रोज दोन न्यूमेरिकल, पण दोन्ही पूर्ण उलटतपासणीसह. या चालीने मेकॅनिक्सला सहा-आठ महिने लागतात, आणि लागू द्या. महिन्यातून एकदा मागची पानं उघडून जुने अंदाज वाचा. ‘हे मी लिहिलं होतं?’ असं ज्या दिवशी वाटेल, त्या दिवशी वहीचं काम सुरू झालं असं समजा.

पहिल्या पानासाठी हा प्रश्न घ्या. बादली अर्धी पाण्याने भरा. त्यात एक छोटी वाटी तरंगत सोडा आणि वाटीत एक दगड ठेवा, वाटी बुडणार नाही इतपत. पाण्याची पातळी जिथे आली तिथे बादलीला आतून खूण करा. आता तो दगड वाटीतून काढून बादलीतल्याच पाण्यात सोडायचा आहे, तळाशी जाऊ द्यायचा आहे. पाणी खुणेच्या वर जाईल, खाली जाईल, की तिथेच राहील? आजची तारीख घाला, उत्तर लिहा, त्याखाली एका ओळीत कारण लिहा. मग दगड उचला.